हात बाहेर

बटण दाबलं तर काहीच झालं नाही. दिवा लागला नाही, पंखा हलला नाही, आत कुठे टिक्‌ असा आवाजसुद्धा झाला नाही. ठिणगीने बोट तसंच बटणावर ठेवून वाट पाहिली, जणू आतल्या माणसाला कडी काढायला वेळ लागत असावा. मग बोट उचलून पुन्हा दाबलं.

"लागला?" आईने पलंगावरून विचारलं.

"नाही."

आईने हातातलं चष्म्याचं घर उघडलं आणि मिटलं. टक्‌.

ठिणगी हे बाबांनी पाडलेलं नाव. लहानपणी तिने प्लगच्या भोकात केसांची पिन घालून सगळं घर अंधारात बुडवलं होतं. त्या दिवसापासून तिचं पाळण्यातलं नाव मागे पडलं. आता ती पुस्तकांची मुद्रितं तपासायची, दूरच्या शहरात राहायची, केसांत पांढरी रेघ आली होती, तरी या घरात पाऊल टाकलं की ती ठिणगीच.

चष्म्याचा आईला आता काही उपयोग उरला नव्हता. तिच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग पडला होता. कडेचं सगळं दिसे. दाराची चौकट, खिडकीचा गज, जमिनीवर पडलेला टॉवेल. पण माणसाकडे पाहिलं की नेमका चेहरा पुसला जाई. पुस्तकाचं तर बोलायलाच नको, आणि पुस्तकाशिवाय आईला दिवस ढकलता येत नसे. डॉक्टर म्हणाले होते की मोठ्या पडद्यावर अक्षर तळहाताएवढं केलं तर त्या अजून वाचू शकतील. ते ऐकून बाबांनी कॉम्प्युटर करायचं ठरवलं. आणायचं नव्हे, करायचं. कागदाच्या कारखान्यात सगळी हयात वायरमन म्हणून गेलेली. दुसऱ्याने लावलेलं झाकण त्यांना कधी पटलं नाही. त्यांनी एकेक भाग आणला, टेबलावर जुनी चादर पसरली आणि पहिल्यांदाच असलं काही करणाऱ्या माणसाच्या सावधपणाने जोडायला घेतलं. वीज आत घेणाऱ्या कॉर्डचा तयार प्लगही कापून टाकला आणि आपल्या हाताने दुसरा बसवला. विकतचा प्लग उघडता येत नाही, म्हणजे आत काय आहे ते कळत नाही, म्हणजे तो कामाचा नाही.

तोवर संध्याकाळी ते आईला वाचून दाखवायचे. बाबांना वाचनाची सवय नव्हती. ते नकाशा वाचावा तसं पुस्तक वाचत. मुखपृष्ठापासून सुरुवात, मग मुद्रणालयाचा पत्ता, मग आवृत्ती, मग अर्पणपत्रिका. पान संपलं की मोठ्याने "पुढे" म्हणायचे आणि मगच उलटायचे. नायिका मरणाच्या दारात असली तरी "पुढे". आई हसून लोटपोट व्हायची आणि म्हणायची, तुमच्या हातात कादंबरी म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक.

एका दुपारी त्यांनी पेचकस टेबलाच्या कडेला समांतर ठेवला, कॅबिनेटची बाजू उघडीच सोडली आणि जरा पडतो म्हणाले. संध्याकाळी ते नव्हते.

ठिणगी आली ती तेव्हापासून इथेच होती. आता आठवडा संपला की तिला परतायचं होतं. सुट्टी ताणून ताणून तुटायला आली होती. धाकटा भाऊ त्याहून लांब. त्याचा फोन आला की एकच सूर. ताई, ते सगळं बाजूला सार, मी तयार मशीन पाठवतो, आईला वाचायचंय, प्रदर्शन नाही मांडायचं. त्यात चूक काही नव्हतं. ठिणगीने आईला तसं सांगितलंही. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, पाठवू दे त्याला, मी हात लावणार नाही.

"मग वाचणार कशी?"

"हाच लागला तर वाचीन."

म्हणजे ठिणगी जायच्या आत हा लागला नाही, तर या घरात पुन्हा पुस्तक उघडणार नव्हतं. आईचा हट्ट तिला ठाऊक होता. तो आरडाओरडा करत नसे, नुसता बसून राही.

तेव्हा ठिणगी बाबांच्या स्टुलावर बसली आणि बाबांसारखीच बाहेरून आत निघाली. आधी भिंतीतला सॉकेट. टेबलावरचा दिवा तिथे लावून पाहिला, तो झक्क पेटला. मग पॉवर सप्लायच्या पाठीमागचं छोटं बटण. ते सुरूच होतं. मग पुढच्या बटणाची वायर. मदरबोर्डच्या कोपऱ्यात तांदळाएवढ्या पिना होत्या. तिने पुस्तिकेतलं चित्र आणि पिना मुद्रितं ताडावीत तशा ताडून पाहिल्या. बरोबर होत्या. तरी वायर काढून दोन पिनांना पेचकसाचं टोक टेकवलं, म्हणजे बटणच नादुरुस्त असेल तर कळेल. यंत्र ढिम्म. ताकास तूर लागू देईना.

उरलं ते आतलं. पॉवर सप्लायमधून निघालेल्या वायरींची टोकं बोर्डात नीट बसली आहेत की नाहीत, हे ती काढून पुन्हा बसवल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि ती काढणार कशी? बाबांनी वायरींचे जुडगे मेणाच्या दोऱ्याने बांधले होते. कारखान्यातल्या जुन्या पॅनेलमध्ये असत तसे, बोटभर अंतरावर एकेक गाठ, सगळ्या गाठी एका रेषेत, वेणीसारख्या. प्लॅस्टिकच्या पट्ट्या त्यांना आवडत नसत. पट्टी चावते, दोरा धरतो, असं त्यांचं मत. दोऱ्याला मेण लावायचं काम आईचं. मेणाच्या गोळ्यावरून दोरा ओढत ती कादंबरी ऐकायची. शेवटच्या जुडग्याला मात्र गाठी अर्ध्यापर्यंतच होत्या. पुढे दोऱ्याचं टोक मोकळं लोंबत होतं.

ठिणगीने नखाने एक गाठ सोडवून पाहिली. ती सुटणारी गाठ नव्हतीच, सुटू नये म्हणूनच ती मारलेली होती. तिने पिन घालून पाहिली, दात लावून पाहिला. मग शिवणाच्या डब्यातून कात्री आणली आणि कापायला लागली. अर्धवट राहिलेलं शेवटचं जुडगं तेवढं सैलच होतं, त्याला कात्री लावावी लागली नाही.

एकेक दोरा कटकन तुटत होता आणि वायरी सैल होऊन पसरत होत्या. कापलेले तुकडे तिने टाकले नाहीत, एका वाटीत ठेवले. ते कशाला, हे तिलाही सांगता आलं नसतं. पलंगावरून चष्म्याच्या घराचा आवाज तेवढा वेळ आला नाही.

सगळी टोकं काढून दाबून बसवली. काही नाही. मग बोर्डच कॅबिनेटमधून बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवला, अनावश्यक ते सगळं दूर केलं, रॅमची एकच पट्टी ठेवली. काही नाही. शेवटी पॉवर सप्लाय एकटाच घेतला आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे कागदाला लावायची क्लिप वाकवून त्याच्या हिरव्या आणि काळ्या वायरीच्या भोकांत घातली. असं केलं की त्याचा पंखा फिरायला हवा. क्लिप घालताना तिला ती लहानपणची केसांची पिन आठवली आणि बाबा असते तर आता काय म्हणाले असते तेही. पंखा फिरला नाही.

"हाच गेलाय," ती म्हणाली. "पॉवर सप्लाय. उद्या दुकानात नेते."

आईने चष्म्याचं घर मिटलं. टक्‌.

दुकान किल्ल्या करणाऱ्याच्या आणि झेरॉक्सवाल्याच्या मध्ये, पाय ठेवायला जागा नसलेलं. दुकानदाराने तिला लगेच ओळखलं नाही, वस्तू ओळखली. मग काकांची मुलगी का तुम्ही, असं म्हणून त्याने स्टूल पुढे केलं. काका रोज नवा प्रश्न घेऊन यायचे, तो सांगत होता, आणि उत्तर ऐकून शेजारच्या गिऱ्हाइकाला समजावून सांगायचे, त्यामुळे गिऱ्हाईक काही न घेताच शहाणं होऊन जायचं. बोलता बोलता त्याने आपल्याकडची कॉर्ड लावली, वाकवलेली तार घातली. पंखा भिरभिरायला लागला.

ठिणगी स्टुलावरून उठली.

"सासरी मुकी, माहेरी बोलकी," दुकानदार म्हणाला. "ताई, हिला काही झालेलं नाही. घरची कॉर्ड कुठली आहे?"

बाबांनी प्लग बदललेली, असं तिने सांगितलं. मग तिथेच बघा, तो म्हणाला, आणि नको म्हणत असतानाही एक नवी कॉर्ड पिशवीत टाकली. तुमची चालली तर ही परत आणून द्या.

वाटभर ठिणगीला राहून राहून वाटीतले दोऱ्याचे तुकडे दिसत होते. दोष त्या वायरींत नव्हताच. एकही गाठ कापायची गरज नव्हती.

घरी येऊन तिने चपला काढल्या न काढल्या तोच बाबांचा प्लग हातात घेतला आणि मधला स्क्रू फिरवला. झाकण उघडलं. आत तीन वायरी होत्या, प्रत्येक आपापल्या जागी, तांब्याचा एक केसही बाहेर नाही. आणि या जातीच्या प्लगमध्ये जिथे छोटा फ्यूज बसतो तिथे काहीच नव्हतं. पितळेचे दोन चिमटे समोरासमोर उघडे होते. स्वच्छ, चकचकीत. कुठे काजळी नाही, करपल्याचा वास नाही. फ्यूज जळालेला नव्हता आणि पडलेलाही नव्हता. काढलेला होता.

तिने पेचकस हळूच टेबलाच्या कडेला समांतर ठेवला.

हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही? बाबांच्या घरात वाढलेल्या माणसाने खरं तर पहिल्यांदा तिथेच पाहायला हवं होतं. कारखान्यात कुठल्याही यंत्रात हात घालण्याआधी वायरमन फ्यूज काढी आणि आपल्या शर्टाच्या खिशात टाकी. टेबलावर ठेवायचा नाही, जोडीदाराकडे द्यायचा नाही. बटण कुणीही दाबू शकतं, प्लग कुणीही खोचू शकतं. खिशातल्या फ्यूजला मात्र कुणी हात लावू शकत नाही. काढणाऱ्यानेच तो बसवायचा. घरीसुद्धा बाबा पंखा दुरुस्त करायला लागले की फ्यूज खिशात. एकदा मध्येच सामान आणायला बाहेर पडले, वाटेत केस कापायला बसले, आणि सगळं घर अंधारात. कोपऱ्यावरच्या दुकानात नवा फ्यूज मिळत होता, पण तो आणावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. आई मेणबत्ती लावून बसली आणि मुलांना म्हणाली, थांबा, दिवे तुमच्या बाबांच्या खिशात आहेत.

आणि ती कारखान्यातली गोष्ट. बाबा ती पुन्हा पुन्हा सांगत. एक फिटर काम अर्धवट टाकून तापाने फणफणत घरी गेला, फ्यूज खिशात घेऊन. सगळं यंत्र ठप्प. साहेब नाचतोय, भांडारात फ्यूजचा भरलेला खोका, तरी एकाही वायरमनने त्यातला फ्यूज उचलला नाही. बाबा चालत त्या फिटरच्या घरी गेले. तो गोधडीत, शुद्ध ना बेशुद्ध. फ्यूज परत बसवण्याआधी विचारायची रीत होती, तसं बाबांनी विचारलं, हात बाहेर आहे ना? त्याला काही उत्तर देता येईना. मग त्याच्या बायकोने गोधडी वर करून पाहिलं आणि म्हणाली, दोन्ही बाहेर आहेत. तिनेच खुंटीवरच्या शर्टातून फ्यूज काढून बाबांच्या हातावर ठेवला. धाकटा दर वेळी हसायचा. म्हणजे काय बाबा, तो घरी झोपलाय तर हात यंत्रात कसा असेल? बाबा म्हणायचे, "यंत्राला कुठे ठाऊक असतं? विचारायचं असतं."

पिशवीत नवी कॉर्ड होती. ती लावली असती तर यंत्र त्या घटकेला सुरू झालं असतं.

ठिणगी आईच्या पलंगाशी गेली. "आई, बाबांच्या अंगात त्या दिवशी जो शर्ट होता तो कुठे आहे?"

"धुतला."

"त्याच्या खिशात काही होतं?"

आईने चष्म्याचं घर उघडलं. या वेळी मिटलं नाही, तसंच पुढे धरलं. आत काच पुसायचं पिवळं फडकं होतं आणि फडक्यावर शेंगदाण्याएवढी पांढरी नळी, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"तुला माहीत होतं हा कशाचा आहे?"

"ह्यांच्या खिशातला आहे एवढं माहीत होतं," आई म्हणाली. "इतका संसार केला मी. खिशात फ्यूज असला म्हणजे ह्यांचं काम चालू आहे, एवढं मला कळतं."

ठिणगीने वाटीतल्या तुकड्यांकडे पाहिलं.

"तू दोरे कापत होतीस तेव्हा सांगणार होते. कात्री ऐकू येत होती मला. तोंडच उघडेना."

ठिणगी उठून स्वयंपाकघरात गेली. चहाचं आधण ठेवलं, ते उकळायच्या आत गॅस बंद केला, ओट्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. राग आला होता, तो तिथल्या तिथे जाऊ दिला. रागावण्यासारखं काही होतं आणि काही नव्हतं. आपण तरी प्लग आधी का उघडला नाही? आपल्यालाही तो उघडायचा नसेल कदाचित.

परत येऊन ती आईशेजारी बसली. प्रश्न तिला पाठ होता.

"आई. हात बाहेर आहे ना?"

आईने मान थोडी तिरकी केली. आता ती कुणाकडेही अशीच बघायची, कडेच्या नजरेने चेहरा शोधत.

"तू बघितलंस?"

"सगळं काढून पुठ्ठ्यावर ठेवलंय. डबा रिकामा आहे."

"मला ने."

ठिणगीने तिला टेबलापाशी आणलं. आईने उघड्या कॅबिनेटमध्ये हात घातला. तळ चाचपला, मागची भिंत, वरचं छत, पंख्याची जाळी. बाबांनी मारलेल्या प्रत्येक स्क्रूवर तिचं बोट थांबत होतं. मग तिने कोपरे पाहिले, घरातली पेटी शेवटची झाडून घ्यावी तसे. ठिणगीने घाई केली नाही. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

आईने हात बाहेर काढला.

"बाहेर आहे," ती म्हणाली, आणि फ्यूज ठिणगीच्या तळहातावर ठेवला.

चिमट्यांत तो टचकन बसला. ठिणगीने प्लगचं झाकण लावलं, पॉवर सप्लाय आणि बोर्ड पुन्हा आत बसवले, वायरी जमतील तशा कोंबल्या. बटण आईला दाबायला दिलं. आत निळा ठिपका उजळला, पंखा एकदा अडखळला आणि मग फिरू लागला. आईने त्या जाळीसमोर हात धरला. वारा हाताला लागेपर्यंत तिचा विश्वास बसला नसावा. पडद्यावर पांढरी अक्षरं आली, तिला न दिसणारी.

बाकीचं फोनवर धाकट्याच्या मदतीने झालं. तो आधी म्हणाला, ताई, तू केलंस हे? मग म्हणाला, म्हणजे बिघाड काहीच नव्हता? नव्हता, ती म्हणाली. मग काय होतं, त्याने विचारलं. ते तिने सांगितलं. तयार मशीनचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ठिणगीने बाबांकडून अर्धवट राहिलेली कादंबरी नेटवरून उतरवून पडद्यावर उघडली. अक्षर वाढवत वाढवत तळहाताएवढं केलं. एका ओळीत तीनच शब्द मावत होते. आईने मान तिरकी केली आणि एक शब्द वाचला. मग दुसरा. लहान मूल वाचतं तसं, पण तिचं तिने.

"सुरुवातीची पानं सोडून देऊ?" ठिणगीने विचारलं. "मुद्रणालयाचा पत्ता वगैरे आहे नुसता."

"राहू दे. वाचते ना."

पत्ता वाचून व्हायला पुष्कळ वेळ लागला. पान संपलं तेव्हा आई थांबली. "पुढे" असं दोघींपैकी कुणीच म्हटलं नाही. ठिणगीने नुसतं पान बदललं.

निघायच्या दिवशी बॅग दारात लावून झाली, तोच आई शिवणाचा डबा घेऊन टेबलापाशी आली. तिच्या हातात मेण लावलेल्या दोऱ्याचा गुंडा होता.

"आत सगळं लोंबतंय," ती म्हणाली. "जिला दिसत नाही तिलासुद्धा दिसतंय."

"तुला गाठ येते ती?"

"दोरे काय मी नुसतेच ओढत होते? चाचपून बघत होते तेव्हा."

ठिणगीने यंत्र बंद केलं, प्लग काढला आणि बाबांचा पेचकस घेऊन त्याच्या झाकणाचा स्क्रू सैल केला. फ्यूज उचलायला ती बोट घालणार, तेवढ्यात आईने तिचा हात बाजूला सारला. आपल्या नखांनी चाचपून तिने तो चिमट्यांतून ओढला आणि गाऊनच्या खिशात टाकला.

"नंतर बसवता येईल तुला?"

"मी काढलाय. मीच बसवीन."

मग तिने बाही वर सारली, आत हात घातला आणि ते अर्धवट राहिलेलं जुडगं शोधून काढलं. दोऱ्याचं मोकळं टोक तिच्या बोटांना सापडलं. ठिणगी बॅगेवर बसून राहिली. गाडीला अजून वेळ होता.